समुद्रातील स्पंज: अंघोळीच्या जाळीपासून केमोच्या औषधापर्यंत

बार्शी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. इथे कर्करोगाच्या उपचारासाठी नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे. १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील गावांमध्ये कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. देशातील ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. त्यामुळे या भागातील अनेक घरांना ‘केमो’ हा शब्द नवा राहिलेला नाही. मात्र केमोच्या काही औषधांची सुरुवात समुद्राच्या तळाशी बसून राहणाऱ्या एका प्राण्यापासून झाली, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. तो प्राणी म्हणजे स्पंज.

स्पंज म्हटले की आपल्याला भांडी घासायचा तुकडा किंवा अंघोळीची जाळी आठवते. खरा स्पंज काय असतो, त्याच्यापासून औषधे कशी मिळाली आणि घरात केमोचा रुग्ण असेल तर रोजच्या वापरातील स्पंजबाबत काय काळजी घ्यावी, हे या लेखात पाहू. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: स्पंजची छिद्रे.

स्पंज वनस्पती आहे की प्राणी?

स्पंज हा प्राणी आहे. तुमच्या घरातील दहावीच्या मुलाला विचारा. विज्ञानाच्या पुस्तकात त्याने ‘रंध्रीय प्राणी’ हे नाव वाचलेले असेल. रंध्र म्हणजे बारीक छिद्र. स्पंजच्या ९,००० हून अधिक जाती आज माहीत आहेत. बहुतेक समुद्रात राहतात, थोड्या गोड्या पाण्यात.

या प्राण्याला तोंड, पोट, हृदय, मेंदू किंवा मज्जातंतू यांपैकी काहीच नसते. तो एका जागी चिकटून बसतो आणि पाणी गाळून त्यातले अन्न खातो. अंगावरच्या असंख्य बारीक छिद्रांतून पाणी आत येते आणि वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. आतल्या बाजूला विशिष्ट पेशींचे अस्तर असते. प्रत्येक पेशीला चाबकासारखा एक बारीक तंतू असतो. हे तंतू सतत हलतात आणि त्यामुळे पाणी वाहते राहते. वाटेत जिवाणू आणि इतर बारीक कण पेशींना चिकटतात, तेच त्याचे अन्न. प्राणवायूही याच पाण्यातून मिळतो. बोटाएवढा एक स्पंज दिवसभरात सुमारे २२ लिटर, म्हणजे साधारण दोन कळश्या पाणी गाळू शकतो.

शरीराला आकार देण्यासाठी काही स्पंजमध्ये चुन्याच्या किंवा काचेसारख्या सिलिकाच्या सूक्ष्म सुया असतात. काहींमध्ये ‘स्पाँजिन’ या प्रथिनाच्या मऊ धाग्यांचे जाळे असते. ज्यांच्यात सुया नसून फक्त धागे असतात, त्यांचाच अंघोळीसाठी उपयोग होतो. भूमध्य समुद्रातून असे स्पंज हजारो वर्षे काढले जात आहेत. प्राणी मेल्यावर त्याच्या पेशी धुऊन टाकतात आणि उरलेले धाग्यांचे जाळे वाळवतात. बाजारात ‘नैसर्गिक स्पंज’ म्हणून मिळतो तो हा सांगाडा.

स्पंजच्या पेशींची आणखी एक गंमत आहे. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. काही काळाने त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून स्पंज तयार झाला.

आपल्याकडे स्पंज सापडतो का?

होय, गोड्या पाण्यातला स्पंज महाराष्ट्रात सापडतो. १८४० च्या दशकात हेन्री जॉन कार्टर नावाचे इंग्रज डॉक्टर मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. मुंबईतल्या तळ्यांमधील स्पंजचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला आणि त्याची सविस्तर वर्णने लिहिली. त्यांच्या नावावरून एका जातीला ‘कार्टेरी’ हे नाव मिळाले. पाण्यातल्या दगडांवर, लाकडांवर किंवा बुडालेल्या काटक्यांवर हिरवट, मातकट किंवा पांढुरक्या थरासारखा किंवा गोळ्यासारखा स्पंज दिसतो. बघणाऱ्याला ते शेवाळ वाटते.

उन्हाळ्यात तळे आटले की हे स्पंज मरतात, पण मागे कठीण कवचाच्या बारीक गोळ्या ठेवून जातात. त्या कोरड्या चिखलातही टिकतात. पावसाळ्यात पाणी आले की त्यांतून नवा स्पंज उगवतो. दुष्काळी भागातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग स्पंजपासून औषध कसे मिळाले?

एका जागी बसलेल्या प्राण्याला पळून जाता येत नाही. त्याला कवच नाही, दात नाहीत. शिवाय दिवसभर जिवाणूंनी भरलेले पाणी त्याच्या अंगातून वाहत असते. अशा प्राण्याने स्वतःला वाचवायचे कसे? स्पंजचे उत्तर रासायनिक आहे. तो शत्रूला नकोशी वाटणारी, जंतूंची किंवा शेजाऱ्याची वाढ रोखणारी रसायने अंगात बाळगतो. काही रसायने तो स्वतः बनवतो, तर काही त्याच्या छिद्रांत वस्ती करून राहिलेले जिवाणू बनवतात. पेशींची वाढ रोखणारे रसायन म्हटले की कर्करोगाच्या डॉक्टरांचे लक्ष तिकडे जाणारच.

सायटाराबिन: अमेरिकेतील येल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ मिळालेल्या एका स्पंजमध्ये वेगळेच पदार्थ सापडले. १९५० च्या सुमारास त्यांनी त्यांची माहिती प्रसिद्ध केली. हे पदार्थ डीएनएच्या घटकांसारखेच होते, फक्त त्यांतली साखर वेगळी होती. त्याच नमुन्यावरून १९५९ साली प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झाले आणि १९६९ साली अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

त्याचे काम समजून घ्यायला सोपे आहे. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल तयार होते. एकेक मणी ओवत माळ करावी तसे हे काम चालते. सायटाराबिन दिसायला खऱ्या मण्यासारखे असते, म्हणून पेशी ते माळेत ओवते. पण त्याच्या साखरेची ठेवण वेगळी असल्यामुळे पुढचे मणी ओवणे अडते. नक्कल अर्धवट राहते आणि पेशी मरते. ज्या पेशी वेगाने वाढतात, त्यांना हा फटका जास्त बसतो.

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात आजही हे मुख्य औषधांपैकी एक आहे. सुरुवातीला अनेक रुग्णांना सात दिवस सायटाराबिन सलाईनमधून सतत आणि पहिले तीन दिवस सोबत दुसरे औषध, अशी पद्धत वापरतात. इतर काही रक्ताच्या कर्करोगांतही ते देतात. कधी कधी ते पाठीच्या कण्यातील पाण्यात इंजेक्शनने देतात, कारण मेंदूभोवती लपलेल्या पेशींपर्यंत नेहमीची सलाईन पुरेशी पोहोचत नाही.

एरिब्युलिन: जपानच्या किनाऱ्यावरील एका काळ्या स्पंजमधून १९८० च्या दशकात ‘हॅलिकॉन्ड्रिन बी’ हा पदार्थ वेगळा करण्यात आला. ६०० किलो स्पंजमधून तो जेमतेम साडेबारा मिलिग्रॅम मिळाला. एवढ्या तुटपुंज्या पदार्थावर उपचार चालणे शक्यच नव्हते. १९९२ साली अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञांनी तो रेणू प्रयोगशाळेत बनवून दाखवला. त्यातला कामाचा भाग घेऊन पुढे एरिब्युलिन तयार झाले. शरीरात पसरलेल्या आणि आधीच्या केमोला दाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगासाठी २०१० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

बर्गमन यांच्या शोधाचा फायदा कर्करोगापुरता राहिला नाही. साखर बदललेले घटक विषाणूंची वाढही रोखू शकतात, हे लक्षात आले. त्यातून विडाराबिन हे नागीण गटातील विषाणूंवरचे औषध आले.

घरचे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

*आम्ही माळकरी आहोत. या औषधात प्राण्याचा अंश असतो का?*
सायटाराबिन आणि एरिब्युलिन ही दोन्ही औषधे आज कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतात. त्यांच्यासाठी समुद्रातून स्पंज काढत नाहीत. स्पंजने फक्त नमुना दाखवला. या कारणासाठी उपचार थांबवू नका किंवा पुढे ढकलू नका. ऑपरेशनमध्ये किंवा दात काढल्यावर रक्त थांबवण्यासाठी वापरला जाणारा ‘जिलेटिन स्पंज’ मात्र प्राणिजन्य जिलेटिनचा असतो, जरी त्याचा समुद्राशी संबंध नसला तरी. तुमच्यासाठी ही बाब महत्त्वाची असेल तर सर्जनशी आधीच बोलून घ्या.

*मग स्पंजची पावडर घेतली तर चालेल का?*
नाही. औषधात एकच शुद्ध रेणू, मोजून ठरवलेल्या प्रमाणात असतो. कच्च्या स्पंजमध्ये अनेक अनोळखी रसायने, सुया आणि जंतू असतात. ‘नैसर्गिक’ आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही. स्पंज स्वतःच्या बचावासाठी विषच तयार करत असतो, हे लक्षात ठेवा.

*समुद्रफेस म्हणजे स्पंजच ना?*
नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा पांढरा, हलका समुद्रफेस हा माकूळ जातीच्या प्राण्याच्या पाठीतला चुन्याचा भाग असतो. तो स्पंज नाही आणि समुद्राचा फेसही नाही. त्याची पूड लहान मुलांच्या कानात किंवा डोळ्यांत घालू नका.

*पूर्वी गलगंडावर स्पंज देत, हे खरे आहे का?*
खरे आहे. जाळलेल्या स्पंजची राख गलगंडावर देण्याची पद्धत युरोपात जुनी होती. त्या राखेत आयोडीन असल्यामुळे काही रुग्णांना गुण येत असे. हे ओळखून जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी १८२० मध्ये थेट आयोडीन द्यायला सुरुवात केली. आज तेच आयोडीन आपल्याला मिठाच्या पुड्यातून मिळते. आता गळ्याला सूज दिसली तर राख किंवा थेंब घेत बसू नका, थायरॉइडची तपासणी करा. गळ्यातली प्रत्येक गाठ आयोडीनच्या कमतरतेची नसते.

रोजच्या वापरातले स्पंज: छिद्रांची दुसरी बाजू

छिद्रांमुळे स्पंज पाणी धरतो, म्हणून तो उपयोगी. पण छिद्रांत पाण्याबरोबर साबण, अन्नाचे कण आणि त्वचेचा मळही अडकतो. ओलावा, खाद्य आणि ऊब मिळाली की जंतू वाढतात. जिवंत स्पंज आत आलेले जिवाणू खातो. आपल्या मोरीतला किंवा सिंकवरचा स्पंज त्यांना नुसता पोसतो.

आपल्या घरांत खरा समुद्री स्पंज क्वचितच असतो. भांड्यांचा रंगीत स्पंज बहुधा कृत्रिम फोमचा असतो. अंघोळीची फुगीर जाळी नायलॉनची असते. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी ही तर वनस्पतीची. पदार्थ कोणताही असो, छिद्रे असली की नियम तेच.

निरोगी माणसांसाठी एवढे पुरे:

- भांडी झाल्यावर स्पंज धुऊन, घट्ट पिळून उन्हात वाळवा. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका.
- मटण, मासे, अंडी यांची भांडी आणि ओटा पुसायला वेगळे फडके ठेवा.
- वास येऊ लागला, चिकट झाला किंवा तुकडे पडू लागले की स्पंज टाकून द्या. एरवीही एक-दोन आठवड्यांनी बदलणे चांगले.
- अंघोळीची जाळी बाथरूममध्ये ओली लटकत ठेवू नका. महिन्याभरात बदला. घरातल्या सगळ्यांनी एकच जाळी वापरू नये.
- त्वचेवर पुरळ, फोड किंवा जखम असेल तर जाळी वापरू नका. ओल्या जाळीतल्या जंतूंमुळे केसांच्या मुळाशी पुळ्या येऊ शकतात.

मासिक पाळीसाठी समुद्री स्पंज ऑनलाइन विकला जातो. तो पूर्णपणे निर्जंतुक करणे कठीण असते आणि त्यातून जंतूंच्या विषामुळे गंभीर आजार होऊ शकतो. तो वापरू नये.

कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावर पडलेला स्पंज मुले हौसेने उचलतात. काही जातींच्या सुया आणि रसायनांमुळे हाताला खाज, लाली, जळजळ होते. तसे झाल्यास चोळू नका. कातडी कोरडी करून चिकटपट्टी हलकेच लावा आणि ओढा, म्हणजे सुया निघतील. नंतर हात धुवा. त्रास वाढला किंवा डोळ्याला लागले असेल तर डॉक्टरांना दाखवा.

केमो चालू असेल तर घरात काय बदल करावेत?

सायटाराबिन वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. रक्त तयार करणाऱ्या पेशीही वेगाने वाढतात. त्यामुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. एरिब्युलिनमध्येही पांढऱ्या पेशी कमी होतात. एरवी जो जंतू आपले काही बिघडवत नाही, तो या काळात रक्तात शिरू शकतो. म्हणून:

- रुग्णासाठी जाळी, घोसाळे, वज्री वापरू नका. हाताने साबण लावा किंवा रोज धुतलेले, उन्हात वाळवलेले मऊ फडके घ्या. अंग रगडू नका, टिपून घ्या.
- दिवाळीत उटणे लावून चोळून अंघोळ घालण्याचा आग्रह धरू नका. प्लेटलेट कमी असताना नुसत्या चोळण्यानेही कातडीखाली रक्त साकळते.
- चेहऱ्यासाठी ‘स्पिक्युल’ असलेल्या क्रीमची सध्या जाहिरात होते. त्यात स्पंजच्या सूक्ष्म सुया असतात आणि त्या त्वचेला टोचतात. केमोच्या काळात ही क्रीम लावू नका.
- रुग्णाची भांडी जुनाट स्पंजने घासू नका. नवा स्पंज किंवा रोज गरम पाण्यात धुतलेले फडके वापरा आणि भांडी पूर्ण वाळू द्या.
- तोंड आले असेल तर दात मऊ ब्रशने घासा. गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे करा.

सर्वांत महत्त्वाचे: ताप आला तर ‘स्पंजिंग’ करत थांबू नका

ताप आला की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायच्या, अंग पुसून काढायचे, ही आपली जुनी सवय. दवाखान्यात यालाच ‘स्पंजिंग’ म्हणतात. एरवी साध्या तापात कोमट पाण्याने अंग पुसायला हरकत नाही. बर्फाचे पाणी किंवा स्पिरिट मात्र नको.

केमोच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तापाचा अर्थ जंतू रक्तात पोहोचले असा असू शकतो. पांढऱ्या पेशी नसल्यामुळे पू, सूज, लाली यांपैकी काही दिसत नाही. ताप ही एकच खूण असते. सायटाराबिनमुळे स्वतःहूनही ताप येऊ शकतो, पण तो औषधाचा की जंतूंचा, हे घरी ओळखता येत नाही. पॅरासिटामॉलने किंवा अंग पुसून ताप उतरला तरी आतला जंतू तसाच राहतो. रात्री अकराला आलेला ताप ‘सकाळी पहिल्या एसटीने जाऊ’ म्हणून अंगावर काढला, तर तेवढ्या वेळात रक्तदाब कोसळू शकतो.

म्हणून हे पाठ करून ठेवा:

- घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, किंवा अंगात थंडी भरून हुडहुडी आली, तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा आणि निघा. रात्र असली तरीही.
- फोन करण्याआधी तापाची गोळी देऊ नका. गावात अंगावर इंजेक्शन घेऊ नका.
- वाहन नसेल तर १०८ वर फोन करा. फाइल, शेवटच्या केमोची तारीख आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट सोबत घ्या. ‘केमो चालू आहे’ हे दारातच सांगा.
- केमोनंतर साधारण आठवडाभराने पेशी सर्वांत कमी होऊ लागतात. ल्युकेमियाच्या जोरदार उपचारात हा काळ दोन-तीन आठवडे चालू शकतो. या दिवसांत रुग्णाजवळ रात्री कुणीतरी असावे.

ताप नसला तरी पुढील लक्षणे लगेच कळवा: चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, हाताचा नेम चुकणे, खूप झोप येणे, डोळे लाल होऊन उजेड सहन न होणे. सायटाराबिन मोठ्या मात्रेत दिल्यावर मेंदूवर आणि डोळ्यांवर असा परिणाम होऊ शकतो. त्यासाठी डोळ्यांत घालायचे थेंब दिले असतील तर ते न चुकता, सांगितलेल्या वेळी घाला. एरिब्युलिन घेणाऱ्यांनी हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा किंवा चप्पल पायातून निसटणे हे डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करून त्रास आटोक्यात ठेवता येतो. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर लाल ठिपके उमटणे हीसुद्धा थांबून पाहण्याची लक्षणे नाहीत.

स्पंजकडे पळायला पाय नाहीत, म्हणून त्याने रसायने बनवली. त्यांतल्या काहींचा नमुना घेऊन आपण औषधे बनवली. ती कर्करोगावर काम करतात त्याच कारणाने काही दिवस रुग्णाला दुबळेही करतात. ते दिवस निभावून नेणे बरेचसे घरच्यांच्या हातात असते. त्यासाठी लागतात स्वच्छ वाळलेले फडके, उशाशी थर्मामीटर आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला रुग्णालयाचा फोन नंबर.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराचा टप्पा, औषधाची मात्रा आणि पथ्ये याबाबत तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम समजावा.*